मोस्ट वागे

"जर्मन आहे," हुसैन कोकणी म्हणाला,
आणि मला हसू आलं.
जर्मन म्हणजे आमच्या आईची पातेली,
पोचे पडलेली, हलकी, चहाने काळी झालेली.
हे तर पितळ.
बुधवारच्या बाजारात, गोदेच्या पायऱ्यांशी,
गंजके पाने आणि बिनकाट्याची घड्याळं यांच्यामध्ये
हे उभट, पोटाशी फुगीर,
वर बारीक मान, मानेवर रेघा.
"अहो बाई, जर्मन म्हणजे तो देश!"
दीडशे म्हणाला. शंभरला दिलं.

प्रेसमध्ये पस्तीस वर्षं
मी तिकिटांच्या तावांवर चुका शोधल्या.
केसभर सरकलेली शाई, दात तुटलेली कड.
एखादी गोष्ट काय आहे ते मला सांगता येत नाही,
काय चुकलंय तेवढंच येतं.
घरी भिंग लावलं. चूक कुठे नव्हती.
शून्य ते एकशे तीस, रेघ न् रेघ जागेवर,
हाताने कोरलेली,
आणि पोटावर दोन शब्द: मोस्ट. वागे.

मोस्ट म्हणजे सर्वांत जास्त, एवढं इंग्रजी मला येतं.
पण सर्वांत जास्त काय?
आणि कोण वागे? कसा वागे?

तांबट आळीत वडनेऱ्यांनी नखाने वाजवलं.
"पोकळ आहे. ठोक्याचं काम नाही, लेथवरचं.
आमच्यातल्या कुणाचं नाही,"
आणि पुन्हा कळशीकडे वळले.
मुकादम म्हणाला ओळंबा.
दोरीला बांधून सोडला, तर वाऱ्यावर झुलत बसला.
देवळालीचे सुभेदार हातात घेईनात:
"आधी टिकटिक येतेय का बघा."

निवृत्ती थेट्यांनी सरळ दुधाच्या बादलीत टाकलं.
तरंगलं! तिसाच्या रेघेवर.
"बघा, तीस! पाण्याचा थेंब नाही!"
तीन दिवस गल्लीभर हेच.
मी विचारलं, मग पुढच्या शंभर रेघा कशाला?
एकशे तीसचं दूध कोणती म्हैस देते?
त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.
दूध मात्र दाट येत राहिलं.

मग दिंडोरीची तृप्ती बोरस्ते,
वायनरीत रस तपासते,
भाचीच्या साखरपुड्याला पंगतीत शेजारी आली.
मी पर्समधून काढलं. (आता ते सगळीकडे माझ्याबरोबर असे.)
तिने जिलबीचा हात पुसला. परत पुसला.
"काकू, मोस्ट म्हणजे रस.
द्राक्षांचा, ताजा, अजून न आंबलेला.
वागे म्हणजे तराजू."

म्हणजे कुणी वागतच नव्हतं.
सगळं तोलणंच होतं.

फेब्रुवारीत तिच्याकडे गेले.
उंच काचेच्या भांड्यात हिरवट रस, वर फेस.
ते बुडालं, दचकल्यासारखं वर आलं,
थोडं डुललं, ब्याऐंशीवर थांबलं.
"गोडी जितकी जास्त, तितकं ते वर."
तिच्या खिशात नवं यंत्र, दोन थेंबांत सांगणारं.
त्यानेही जवळपास तेच सांगितलं.

इथवर कुणी आणलं, ते तिलाही ठाऊक नाही.
आला असेल कुणी, वेली तिकडे सोडून
त्यांचा तराजू खिशात घालून.
घाईत निघताना माणसं असंच काहीतरी उचलतात.
दिनूच्या बॅगेत, दवाखान्यात नेताना,
मी इस्त्रीचे तीन शर्ट भरले होते.

हल्ली घरी मी सगळंच मोजते.
कोकम सरबत. उसाचा रस.
काकवीत तर बुडेचना, आडवं पडलं.

काल रामकुंडावरून तांब्याभर पाणी आणलं.
दिनूला तिथे सोडून सहा वर्षं झाली.
नुसत्या पाण्यात हे मानेपर्यंत जातं,
शून्यावर थांबतं, तृप्तीने सांगितलं होतं.
गेलं मानेपर्यंत.
मी चष्मा काढला, भिंग धरलं.

केसभर वर होतं.

असला ताव मी पस्तीस वर्षं
बाजूला काढत आले.